वाटेत चढलेला इलेक्ट्रॉन

निवृत्तीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला निघालेल्या बाबांची उद्या परीक्षेची शेवटची संधी होती. आता नापास झाले की नाव कायमचं कमी होणार. लेक त्यांचं ट्रान्झिस्टरचं गणित तपासत होती: इलेक्ट्रॉन एमिटर या टोकातून निघतात आणि मधल्या बेसमधून कलेक्टर या टोकाला पोचतात.

"बाबा, एमिटरमधून निघाले शंभर इलेक्ट्रॉन आणि कलेक्टरला पोचले एकशे एक?"

"एक वाटेत चढला. बेसपाशी बाण आत येतोय, बघ!"

"बाण करंटचा आहे हो. इलेक्ट्रॉन त्याच्या उलट जातात. तो एक बेसमधून बाहेर पडला."

"मग हे त्या बाण काढणाऱ्याला कुणी सांगितलं नाही का?"

बाबांनी सगळं खोडलं आणि पुन्हा मांडलं. नव्व्याण्णव आले. लेक उठू लागली.

"बस खाली. आता अवघडातलं घाल," ते म्हणाले, "आणि आईला सांग, जेवण झाकून ठेव."