शून्य मागणीची पिल्ले

"गेल्या संपूर्ण वर्षात विजेची मागणी शंभर टक्के पूर्ण करण्यात आली; पुरवठ्यात एका क्षणाचाही खंड पडला नाही."

ऊर्जा खात्याच्या वार्षिक अहवालातले हे पहिलेच वाक्य. कागद गुळगुळीत, छपाई निर्दोष, आणि मुखपृष्ठावर झगझगीत दिवा.

हे वाक्य खोटे नाही. खोटे असते तर मला एवढा संताप आला नसता. खोट्याला निदान खऱ्याचा धाक असतो. हे वाक्य मात्र व्याख्येच्या तटबंदीमागे पाय पसरून बसले आहे. अहवालाच्या शेवटी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, एक तळटीप आहे: मागणी म्हणजे चालू वाहिनीवर प्रत्यक्ष मोजलेला भार. आता वीज वाहून आणणारी ही वाहिनीच बंद केली की भार शून्य. भार शून्य, म्हणून मागणी शून्य. आणि शून्य मागणीला शून्य पुरवठा केला की ती पूर्ण झाली, तीही शंभर टक्के. खानावळवाल्याने दाराला कुलूप घालावे, आत बसलेल्यांची ताटे तपासावीत आणि गावात कुणीही उपाशी नाही असे जाहीर करावे, तशातला हा प्रकार. सरकारी आकडेवारीचा इतिहास शिकवण्यात माझी उमर गेली. राजवटींनी भूक लपवली, साथी लपवल्या, हे वाचून मी सरावले होते. पण जे दिले नाही त्याची गरजच नव्हती, असे इतक्या निर्मळ गणिताने सिद्ध करणारे खाते माझ्या पाहण्यात आले नव्हते.

या गणितात माझी थोरली बहीण सापडली. ताईचे घरामागे अंडी उबवण्याचे केंद्र आहे. मागच्या खेपेला पिल्ले बाहेर पडायच्या बेतात असताना दुपारी वीज गेली ती अंधार पडेपर्यंत आली नाही. बॅटरी होती; पण बॅटरी भरायलाही वीज लागते, आणि ती आदल्या दुपारीही नव्हती. सगळी अंडी गार पडली. त्यावर परवाना कार्यालयाने असा तर्क केला: ऊर्जा खात्याच्या नोंदीनुसार त्या दिवशी पुरवठ्यात खंड नाही, म्हणजे यंत्र बाईंनी स्वतःच बंद ठेवले, म्हणजे हा निष्काळजीपणा. वीज गेली होती असे ऊर्जा आयोगापुढे सिद्ध झाले तर ठीक, नाहीतर परवाना रद्द. आयुष्यात एक अंडे हातून न फुटलेल्या बाईवर हा ठपका होता.

आयोगाने ऊर्जामंत्र्यांना साक्षीला बोलावले आणि ताईची बाजू मांडायची मला परवानगी दिली. सुनावणीचा दिवस ठरला, आणि ताईचा फोन आला.

"अगं, मी येऊ कशी? नेमकी त्याच दिवशी पिल्लं निघणार. आणि दुपारी आमच्याकडची जाणार म्हणजे जाणारच."

"घरी भाऊजी आहेत ना?"

"तुझे भाऊजी आहेत गं, पण वीज काही त्यांच्यातून येत नाही."

मी चेष्टेने म्हणाले, "मग ती उबवणीची पेटीच घेऊन ये. मंत्रालयातल्या त्या सुनावणी दालनाला स्वतंत्र वाहिनी आहे. अख्ख्या देशात वीज न जाणारी तेवढी एकच जागा असेल."

मी चेष्टा केली होती. ताईने ती सूचना म्हणून घेतली.

सुनावणीच्या दिवशी मंत्रालयाच्या दारात भाऊजी उभे होते. त्यांच्या मिठीत घोंगडीत गुंडाळलेली, गरम पाण्याच्या पिशव्यांनी वेढलेली एक भलीमोठी पेटी होती. चेहरा असा, की जणू लेकीला दवाखान्यात घेऊन आले आहेत.

"यात काय आहे?" पहारेकऱ्याने विचारले.

"पुरावा," ताई म्हणाली.

"उघडा."

"उघडला तर गार होईल."

"पुरावा गार होईल?"

"मागचा झाला ना! म्हणून तर आलोय."

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी आयोगाची नोटीस पुढे केली. पुरावे मूळ स्वरूपात सादर करावेत, असे तीत ठळक अक्षरांत होते. यापेक्षा मूळ स्वरूप निसर्गात उपलब्ध नाही, असे मी त्याला समजावले. तो बाजूला झाला. लिफ्ट बंद होती. का, ते कुणी सांगेना. भाऊजी पेटी घेऊन जिने चढले, आणि ताई मागून बजावत राहिली, "हलवू नका हो! श्वास हळू घ्या!"

दालनात थंडगार हवा आणि लखलखाट. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांच्या उजव्या हाताला बसलेला लघुलेखक शपथेवरच्या माणसाचा एकही शब्द सोडत नसे. खोकला आला तर तोही कंसात टाकत असे. त्याने उतरवलेले इतिवृत्त हाच आयोगाचा पुरावा. भिंतीला विजेचा एकच मोकळा प्लग होता, नेमका साक्षीदाराच्या टेबलाखाली. भाऊजी रांगत तिथवर गेले, पेटी जोडली आणि घाम पुसत तिथेच बसले. मंत्री आले, त्यांनी शपथ घेतली आणि पाय जरा आखडून घेतले.

मी उलटतपासणी सुरू केली.

"त्या दुपारी या बाईंच्या भागात वीज होती का?"

"मागणी नव्हती."

"मी विजेबद्दल विचारलं."

"मागणी पूर्ण झाली होती."

"वाहिनी बंद होती?"

"वाहिनी विश्रांती घेत होती. यंत्रांनाही विश्रांती लागते, मॅडम."

"कुणाच्या आदेशाने?"

"विश्रांतीला कुणाचा आदेश लागतो का?"

लोक हसले. मी तळटीप वाचली, तिची पूर्वपीठिका सांगितली, असल्या व्याख्यांचे तीन शतकांतले चुलते-मावसे ओळीने उभे केले. मंत्र्यांनी हात जोडले. "इतक्या बारकाईनं अहवाल आमच्या खात्यातही कुणी वाचलेला नाही. आभारी आहे." पुन्हा हशा. भाऊजीसुद्धा हसले, ताईने त्यांना डोळ्यांनीच गप्प केले. माझे सारे वाचन त्या माणसाच्या अंगावरून पाण्यासारखे ओघळून गेले होते, आणि ताईचा परवाना त्याच्याबरोबर वाहत चालला होता.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. टिक. मग पुन्हा टिक. मग चिव.

लघुलेखकाचा हात थांबला. "हे कोण बोललं?"

चिव, चिव.

"बाई, हे मी कुणाच्या नावावर घालू?" त्याने अध्यक्षबाईंना रडवेल्या स्वरात विचारले.

"हा काय प्रकार आहे?" अध्यक्षबाई कडाडल्या.

ताई उठून उभी राहिली. "हीच माझी मागणी, बाईसाहेब. आत्ता चालू वाहिनीवर आहे. मोजून घ्यायची तर आत्ताच घ्या."

मंत्री वाकले. पेटीच्या काचेला नाक टेकेपर्यंत वाकले, आणि वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे खाते पार उतरले होते. "अहो, हे बघा, चोच दिसतेय! आमच्या आत्याकडे होत्या कोंबड्या. मी तिथंच पडलेला असायचो." मग अगदी हळू आवाजात, "ताई, एक घेऊ का हातात?"

"आधी हात धुऊन या."

मंत्री निमूटपणे हात धुऊन आले. ताईने पेटीतले पहाटेच निघालेले, वाळून फुललेले एक पिल्लू त्यांच्या ओंजळीत दिले. त्यांचे सचिव कानाशी कुजबुजले, "साहेब, आपण अजून शपथेवर आहात."

"थांब रे! बघ कसं बघतंय माझ्याकडं."

मग कोण थांबतो! वार्ताहर टेबलाभोवती कोंडाळे करून उभे राहिले, सचिवही चवड्यांवर उंच होऊन पाहू लागले, भाऊजी जमिनीवरून जन्माची वार्ता देऊ लागले: "निघालं! दुसरं निघालं! ढकल रे राजा, ढकल!" प्रत्येक कवच फुटले की टाळ्या पडत होत्या. मंत्र्यांनी आपले पिल्लू क्षणभर टेबलावर सोडले. ते वार्षिक अहवालाच्या उघड्या पानावर डुलत डुलत चालले, तळटिपेपाशी थांबले आणि तिच्यावर आपला अभिप्राय नोंदवून पुढे गेले. एवढे नेमके परीक्षण मला सबंध सकाळभर जमले नव्हते. लघुलेखक हसून हसून डोळे पुसत होता, पण हात चालूच होता. कंसांमागून कंस पडत होते.

अध्यक्षबाईंनी टेबल बडवले. "पुरे! कामकाज चालवायचंय. ती पेटी खालच्या अभ्यागत कक्षात न्या. तिथंही प्लग आहे."

ताईचा चेहरा पांढरा पडला. बाहेर दुपार झाली होती. अजून अर्ध्याहून जास्त अंडी फुटायची होती.

"तिथं वीज असते ना?" तिने विचारले.

"मंत्रिमहोदयांच्या साक्षीनुसार," अध्यक्षबाई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "सगळीकडेच असते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. ताईने घोंगडी उचलली. भाऊजींनी वायरला हात घातला. आणि मंत्री ताडकन उभे राहिले. ओंजळ छातीशी धरलेली, समोरचा माईक चालू, सचिवांचा हात त्यांच्या बाहीला लोंबकळलेला.

आयोगाचा निकाल दोन परिच्छेदांचा आहे. माझ्या युक्तिवादाचा त्यात उल्लेख नाही, आणि नसावा हेच न्यायाला धरून आहे. वीज गेली होती हे सिद्ध झाले, बाईंवरचा ठपका निराधार आहे, परवाना कायम, असे पहिल्या परिच्छेदात म्हटले आहे. दुसऱ्यात आधार म्हणून शपथेवरील साक्षीतले मंत्र्यांचे उद्गार, लघुलेखकाच्या कंसासह, जसेच्या तसे दिले आहेत:

"काढू नका हो ती वायर! खाली कुठं नेताय, तिथं रोज दुपारी वीज जाते! खालीच काय, सगळ्या देशाची आम्हीच बंद करतो, आणि मागणी नव्हती म्हणून लिहितो. (चिवचिवाट) काल मी स्वतः लिफ्टमध्ये अडकलो होतो. गारठून मरतील ना हो बिचारी!"