गळ्यातली गुरगुर

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला, चामड्याचा, एका बाजूने झिजून मऊ झालेला. डोंबिवलीतल्या एका घराच्या ओटीवर, छत्र्यांच्या शेजारच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. माझ्या आतल्या बाजूला अजून थोडे तांबूस केस अडकलेले आहेत. मित्रांनो, ते केस ज्याचे, त्याची आणि माझी ही गोष्ट आहे.

माझा जन्म कल्याणचा. तिथे टांग्यांच्या अड्ड्याजवळ महिपत घोड्यांचे साज शिवत असे. एका घोड्याचा साज शिवून उरलेला तुकडा म्हणजे मी. आपणही कुणा घोड्याच्या अंगावर चढावे आणि घुंगरांच्या तालात स्टेशनापर्यंत दौडावे, असे मी मनाशी ठरवले होते. पण एक गृहस्थ आले आणि त्यांनी पिल्लासाठी पट्टा मागितला. महिपतने मला कापले, कडा घासल्या, तेल पाजले आणि पितळेचे बक्कल लावले. पट्टा घातल्यावर आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत आणि पिल्लू वाढेल तसे पुढचे भोक धरले पाहिजे, एवढे त्याने त्या गृहस्थांना बजावले. मी मात्र खट्टू झालो. कुठे घोडा आणि कुठे पिल्लू!

त्या गृहस्थांचे नाव प्रभाकर. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली होती. डोंबिवलीत तेव्हा घरे मोजकी आणि भातखाचरे फार. दिवस मावळला की कोल्हे ओरडत, आणि विहिरीवर विसरलेली कळशी सकाळी तिथेच असेल याची खात्री नसे. म्हणून राखणीला कुत्रा हवा, असे प्रभाकरांचे मत होते. घरात त्यांची पत्नी हेमा, मुलगी जया, धाकटा आनंद आणि प्रभाकरांची मोठी बहीण शुभदा. मुले तिला आत्या म्हणत. आत्याचे सोवळे कडक होते. कुत्र्याने तिच्या पदराला नाक लावले तरी ती पुन्हा आंघोळीला जाई.

पिल्लाचा रंग नव्या तांब्याच्या भांड्यासारखा होता, म्हणून जयाने त्याचे नाव तांबू ठेवले. तिने मला लगेच त्याच्या गळ्यात अडकवले नाही. आधी मला जमिनीवर ठेवले आणि त्याला हवे तेवढे हुंगू दिले. मग माझ्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. तुकडा खाता खाता त्याची माझी ओळख झाली. पहिल्या दिवशी मी त्याच्या गळ्यात थोडाच वेळ होतो, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. पुढे मी दिसलो की तो स्वतःच मान पुढे करू लागला. त्या इवल्याशा गळ्यातली धडधड मला जाणवली आणि मी घोड्याला विसरून गेलो.

जया त्याला शिकवायची ते खेळता खेळता. भाकरीचा तुकडा ती त्याच्या नाकावरून हळूच मागे न्यायची. तुकड्यामागे मान वर गेली की त्याचे बूड आपोआप खाली टेकायचे. टेकले की ती "बस" म्हणायची आणि तुकडा द्यायची. तो कंटाळायच्या आत खेळ थांबवायची. आत्याच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही, हेही तो असाच शिकला. आणि "तांबू, ये" ही हाक तर तिने जपून ठेवली होती. एकदा त्याने हेमाताईंची चप्पल कुरतडली. त्यांनी त्याला हाक मारून जवळ बोलावले आणि दोन धपाटे घातले. दुसऱ्या दिवशी हाक ऐकून तो खाटेखाली शिरला. तेव्हा जया आईला म्हणाली, "आई, हाक मारून बोलवायचं आणि मग मारायचं, असं केलं तर मी तरी येईन का गं?" हेमाताई हसल्या. त्यानंतर चपला फळीवर गेल्या आणि हाकेला पुन्हा भाकरीची चव आली.

असे सगळे छान चालले होते. मग शेजारच्या गोविंदरावांनी प्रभाकरांना एक सल्ला दिला. ते म्हणाले की कुत्र्याला मालक कोण ते कळायला हवे. तो खात असताना त्याची थाळी उचलायची, जरा वेळाने परत द्यायची. गुरगुरला तर एक फटका द्यायचा. महिनाभरात कुत्रा गाय होतो की नाही बघा.

प्रभाकर दुष्ट नव्हते. चार लोकांनी सांगितले ते खरे मानणारे साधे गृहस्थ होते. ते रोज तांबूसमोरची थाळी उचलू लागले. पहिले काही दिवस तांबू नुसता बघत राहिला. मग एके दिवशी त्याच्या गळ्यात काहीतरी हलले. मित्रांनो, गुरगुर बाहेर येण्याआधी मला कळते. आधी मान ताठ होते, मग केस उभे राहून मला टोचतात, आणि मग जात्याच्या घरघरीसारखे काही खालून वर चढते. तांबू गुरगुरला. त्याचे म्हणणे एवढेच होते की मी खातो आहे, जरा लांब राहा. प्रभाकरांनी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि त्याच्या पाठीत हाणली.

असे बऱ्याचदा झाले. शेवटी तांबू गुरगुरेनासा झाला. गोविंदराव खूश झाले आणि प्रभाकरही. पण मला ठाऊक होते ते त्यांना ठाऊक नव्हते. थाळीकडे हात आला की मान अजूनही ताठ होत होती. घरघर अजूनही वर चढत होती. ती माझ्यापाशी यायची आणि तिथूनच परत फिरायची. तांबूचा राग गेला नव्हता. गेला होता तो फक्त आवाज. मी चामड्याचा तुकडा. सांगणार कुणाला?

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. आनंद तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. बाबा करतात तसे करायचे म्हणून तो गेला आणि जेवणाऱ्या तांबूच्या थाळीला हात घातला. तांबूने आवाज केला नाही. एकदम झेप घेतली. दात सदऱ्याच्या बाहीत घुसले, बाही टरकन फाटली आणि आनंदने टाहो फोडला. हेमाताईंनी आधी मुलाला उचलले. त्याचा हात साबण लावून भरपूर पाण्याखाली धुतला आणि ओरखडा दिसत नसतानाही त्याला डॉक्टरांकडे नेऊन दाखवले. हे त्यांनी फार शहाणपणाचे केले. दात लागला की नाही, हे आपले आपण ठरवू नये.

प्रभाकर मात्र हादरून गेले होते. त्यांनी मला साखळी लावली आणि तांबूला पेरूच्या झाडाला बांधले. आंबिवलीचा दौलत गावातल्या तबेल्यात पेंढा घालायला गाडी घेऊन येत असे. त्याला त्यांनी विचारले, कुत्रा नेतोस का? खळ्यावरची मळणी उरकली की दिवाळीनंतर नेतो, असे दौलत म्हणाला. पण तो मनाचा सरळ होता. जाता जाता बोलला, "आमचे खल्यावं चार कुत्री हान, दादा. ती याला राऊ देतील का नाय, मना काय म्हाईत."

जयाने ते ऐकले. चार कुत्र्यांत एकटा घरचा कुत्रा टाकला तर काय होते, ते तिला कळत होते. ती रडली, पण बाबांपुढे बोलायची तिची छाती झाली नाही. ती पेरूखाली तांबूपासून थोड्या अंतरावर बसून राहायची. बसल्या बसल्या एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आत्या सकाळी देवाला नैवेद्य दाखवून झाला की भाकरीचा एक तुकडा तांबूला घालायची. सोवळे मोडू नये म्हणून वरूनच टाकायची आणि पाठ फिरवून निघून जायची. तेव्हा तांबू शेपूट हलवत खायचा. जयाने पाहिले ते मीही रोज अनुभवत होतो. आत्याच्या तुकड्याच्या वेळी गळ्यातले काही म्हणजे काही हलत नसे.

रात्री जेवताना जया म्हणाली, "बाबा, आत्या त्याला शिवतसुद्धा नाही, तरी तो आत्यावर कधीच चिडत नाही. असं का?"

प्रभाकर म्हणाले की आत्या लांब असते म्हणून. त्यावर आत्या ताक वाढता वाढता थांबली.

"अरे, मी एकदा दिलं की दिलं. गाईचा घास, कावळ्याचा घास, कुणाचाही दिलेला घास काढून घेताना तू मला पाहिलंस का कधी?"

"ताई, त्याला मालक कोण ते कळायला नको?"

"मालक देणारा असतो, प्रभाकर. तू काढून घेणारा झालास. मग त्यानं तुला काय समजावं?"

प्रभाकर भात कालवत राहिले. मग म्हणाले की दौलत येईपर्यंत तुमच्या पद्धतीने करून बघा, पण मुलाच्या अंगावर पुन्हा गेला तर मी कुणाचे ऐकणार नाही. हे मात्र आत्यालाही मान्य होते.

दुसऱ्या दिवशी माझी साखळी निघाली. तांबूची जेवणाची जागा बदलली. ओटीच्या कोपऱ्यात, जिथे कुणाची ये-जा नाही, तिथे थाळी जाऊ लागली. मधे एक आडवी फळी लावली, तो खात असेतो आनंदने फळीच्या अलीकडे राहायचे. खाणाऱ्या आणि झोपलेल्या तांबूला हात लावायचा नाही, त्याला खेळावेसे वाटले तर तो आपणहून येतो, हे जयाने आनंदला गाणे पाठ करावे तसे पाठ करून दिले. प्रभाकरांचे काम सगळ्यांत अवघड होते. त्यांनी लांबून जाताना दुधात भिजवलेला तुकडा थाळीकडे टाकायचा आणि न थांबता पुढे जायचे. गोविंदरावांनी ते कुंपणावरून पाहिले आणि विचारले, "काय प्रभाकरपंत, कुत्रा पाळलाय की जावई?" प्रभाकर ओशाळले, पण तुकडा टाकून पुढे गेले.

प्रभाकरांची पावले ऐकली की पहिले काही दिवस माझ्याखालची मान ताठच व्हायची. पण पावले यायची, काही चांगले पडायचे आणि पावले निघून जायची. हळूहळू मान सैल पडू लागली. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा तांबू थरथरत आतल्या खोलीत खाटेखाली शिरला. त्याला ओढून काढू नका, असे जयाने सांगण्याआधीच प्रभाकरांनी खिडक्या लावून घेतल्या, पाण्याची वाटी आत सरकवली आणि दार ओढून घेतले.

दिवाळी सरली. रविवारी सकाळी दौलत आला. गाडी बाहेर सोडून पायरीवर चहा घेत बसला. त्याच्या मांडीवर दोरीचे वेटोळे होते. जया त्या वेटोळ्यावरून नजर काढत नव्हती. हेमाताईंनी नेहमीप्रमाणे थाळी ठेवली आणि तांबू खाऊ लागला. तेवढ्यात आनंदचा भोवरा घरंगळत फळीखालून पलीकडे गेला आणि थेट थाळीशी थांबला. आनंद धावला, आणि फळीपाशी आपला आपण थबकला.

"बाबा, माझा भोवरा," तो म्हणाला.

प्रभाकर सवयीने उठले आणि भोवरा घ्यायला वाकले. त्यांचा हात थाळीच्या अगदी जवळ गेला. मला कळले. मान ताठ झाली, केस उभे राहिले, घरघर चढू लागली. ती माझ्यापाशी आली. आणि या वेळी परत फिरली नाही. तांबू मोठ्याने गुरगुरला.

ओटीवर सगळे जागच्या जागी थिजले. वर्तमानपत्र आरामखुर्चीवर, प्रभाकरांच्या हाताशीच पडले होते. जयाने डोळे मिटून घेतले.

प्रभाकरांनी हात मागे घेतला. दोन पावले मागे सरकले.

"बरं बाबा, कळलं. तुझं होऊ दे," ते म्हणाले.

त्या शब्दांसरशी तांबूचा गळा लोण्यासारखा मऊ पडला. तो पुन्हा खाऊ लागला. थाळी चाटूनपुसून झाली, तो शेपूट हलवत बाजूला झाला आणि मग प्रभाकरांनी भोवरा उचलून आनंदला दिला. मुलगा फळीपाशी थांबला होता, कुत्र्याने आधी सांगितले होते आणि माणसाने ते ऐकले होते. आत्या दारातून पाहत होती. ती दौलतला आणखी चहा करायला आत गेली.

"तांबू इथंच राहील, दौलत," प्रभाकर म्हणाले.

"मंग मी दोरी कशाला आनली?" दौलत म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

पुढची सारी वर्षे समाधानाची गेली. रेल्वेच्या फाटकाकडे जाताना माझ्यात दोरी अडकवलेली असायची आणि गाडी जाईपर्यंत तांबू जयाच्या पायाशी बसून राहायचा. वैशाखात त्याची पाण्याची कुंडी सावलीत असायची. दर रविवारी जया मला सोडवून माझ्याखालचे गोचीड शोधायची. तो गुरगुरायचा क्वचितच. कारण गुरगुरला की कुणीतरी ऐकते, हे त्याला ठाऊक झाले होते. तो म्हातारा झाला तेव्हा जया लग्न होऊन ठाण्याला गेली होती आणि आनंद शाळकरी मुलगा झाला होता. एके दुपारी आनंद पायरीवर पुस्तक वाचत होता. तांबूने थाळीतली भाकरी तोंडात धरली, हळूहळू चालत पायरीपर्यंत आला, आनंदकडे पाठ करून बसला आणि खाऊ लागला. मागे कोण आहे हे त्याने वळूनसुद्धा पाहिले नाही. आनंदनेही हात पुढे केला नाही, गुपचूप पान उलटले. त्या दिवसाइतका हलका गळा मी कधी अनुभवला नव्हता.

तांबू गेला, आणि मी खुंटीवर आलो. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याला त्याचा घास शांतपणे खाऊ द्या. आणि तो कधी गुरगुरला, तर त्याला मारू नका, धीटपणा दाखवायला पुढेही जाऊ नका. थांबा, मागे सरा, आणि घरातल्या मोठ्यांना जाऊन सांगा. त्याच्यापाशी तेवढाच एक शब्द आहे. तो त्याच्याकडून काढून घेऊ नका.