न सापडलेला कण

अमुक एक मूलकण असलाच पाहिजे, असं चेतनाने गणितातून मांडलं तेव्हा ती तिशीत होती. तिचा शोधनिबंध जगभर गाजला. तो कण शोधायला कितीतरी प्रयोगशाळा राबल्या. यंदा निकाल आला, की असा कण नाहीच. त्या दिवशी ती सोलापुरात वडिलांकडे होती, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या जुन्या कॉलेजात तिचा सत्कार होता.

"चूक कुणाची झाली?" वडिलांनी, कमलाकरांनी विचारलं. ते निवृत्त शिक्षक होते.

"कुणाचीच नाही, दादा. गणित बरोबर होतं. निसर्गच तसा नाही."

"मग तुझी एवढी वर्षं?"

कमलाकरांनी प्राचार्यांना फोन लावला आणि तिला ताप आलाय, असं सांगितलं. वडिलांना खोटं बोलताना ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने फोन हातात घेतला.

"मला ताप नाही, सर. मी येते, पण सत्कार नको. तो कण का नाही, एवढं मुलांना सांगते."

सकाळी ती निघाली तेव्हा कमलाकर घरच्याच कपड्यांत बसले होते.

"तू जाऊन ये," ते खाली बघत म्हणाले. "मला तिथं बसवणार नाही."

तिने आग्रह केला नाही. ती एकटीच रिक्षात बसली.