मागचा ब्रेक

ओलिंदो झांकेत्ता डोंगर चढायचा सायकलवर आणि उतरायचा पायी. त्या वसंतात बोर्सो गावातल्या सगळ्यांनी हे पाहिलं. सायकलही साधी नव्हे, दोन सीटांची, लांबलचक. मागची सीट रिकामी. म्हातारा सायकल हाताने धरून ग्राप्पा डोंगराची एकेक वळणं उतरत यायचा, आणि मागे अडकलेल्या गाड्या हॉर्न मारमारून त्याचं डोकं उठवायच्या.

ती सायकल मीच बनवलेली, म्हणून मला जरा जास्तच राग यायचा. फ्रेमची एकेक नळी कापून, जोडून, घासून मी लोकांना बसायला सायकली देतो. कुणी ती दावं धरून गाय न्यावी तशी नेलेली मला खपत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी ओलिंदो बायकोला घेऊन माझ्या कारखान्यात आला होता. कारखाना म्हणजे माझ्या घराचा तळमजला, आणि कामगार मी एकटाच. दोघांची सायकल हवी म्हणाला. निवेस तोवर स्टुलावर गप्प बसून होती. ओलिंदोचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मागे मी बसेन, पण एक ब्रेक माझ्या हातात पाहिजे. मी काय बटाट्याचं पोतं आहे का?"

ओलिंदो हसला, मग चिडला. दोन्ही ब्रेक पुढच्याच्याच हातात असतात असं मीही तिला सांगून पाहिलं. ती उठली, पर्स उचलली आणि म्हणाली, मग मागे बसायला दुसरी कुणी शोधा. शेवटी पुढच्या चाकाचा ब्रेक नवऱ्याकडे आणि मागच्या चाकाचा बायकोकडे, अशी वाटणी झाली. तिच्या हँडलवरच्या लिव्हरपासून मागच्या चाकापर्यंत मी तेलाच्या ब्रेकचा आखूड पाइप बसवून दिला. फ्रेमचा पिकल्या जर्दाळूसारखा रंगही तिनेच निवडला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी वरच्या वळणावरून ओलिंदोची आरोळी गावात ऐकू यायची, "सोड, निवेस, सोड!" सायकल उतारावर हवी तशी पळत नाही, म्हणजे ही बया मागे ब्रेक दाबून बसलीय, असं त्याचं ठाम मत होतं. निवेस पाठ ताठ ठेवून बसलेली असायची, चेहऱ्यावरची रेष हलत नसे. चर्चजवळच्या बारचा मालक तुल्लिओ बाहेर येऊन ओरडायचा, "ओलिंदो, मागची पायडल मारत नाही बघ." दोघांची सायकल दिसली की जगात कुठेही लोक हाच विनोद करतात, पण तुल्लिओला तो आपणच शोधून काढल्यासारखा वाटायचा. निवेस त्याला हात करायची आणि सायकल माझ्या दारावरून पुढे जायची.

नोव्हेंबरात निवेस गेली. आजार लांबला नाही. मार्चमध्ये ओलिंदोने सायकल बाहेर काढली, तेव्हा तुल्लिओ इतक्या वर्षांच्या सवयीने दारात आला आणि "ओलिंदो, मागची" एवढं बोलून बसला. पुढचे शब्द त्याने गिळले, आत गेला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मी तिथेच कॉफी पीत होतो.

मी लग्न केलं नाही. एका ताटाची, एका कपाची मला तरुणपणापासून सवय आहे, आणि रात्री रेडिओशी भांडायचीही. ओलिंदोला ही सवय सत्तरी ओलांडल्यावर लावायची होती. ते त्याला जमत नव्हतं, आणि त्याला तसं पाहून मला स्वतःचं घरही पूर्वीपेक्षा रिकामं वाटायला लागलं होतं.

मे महिन्यात एका शनिवारी तो सायकल घेऊन माझ्या दारात उभा राहिला. अर्थात चालतच.

"एर्मेस, मागचा ब्रेक पुढे आण," तो म्हणाला. "माझ्या हँडलवर. दोन्ही माझ्याकडे दे."

"का रे, पायी उतरायला कंटाळलास?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, चढताना काही वाटत नाही. वर पोचलो, खाली रस्ता दिसला, की पाय खाली टेकतो. एका ब्रेकवर ही एवढी सायकल धरवेल असं वाटत नाही. "आतापर्यंत ती धरायची. मी शिव्या द्यायचो, पण धरायची तीच."

मी त्याला सांगितलं की ही विकून टाक, मी तुला एकट्याची हलकी सायकल बनवून देतो. तो मागच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. एकट्याची घेऊन मी जाऊ कुठे, असं त्याने विचारलं. सायकल घे आत, म्हणालो.

तेलाच्या ब्रेकचं एक आहे. तारेचा ब्रेक असता तर जुन्या तारेच्या जागी लांब तार ओवून भागलं असतं. पाइप मात्र लिव्हरपासून चाकाची चकती आवळणाऱ्या चिमट्यापर्यंत सलग लागतो. मधे जोड दिला की कधी तरी तिथून तेल गळणार, आणि ते कळणार भर उतारावर. म्हणून नवा लांब पाइप घ्यायचा आणि तो अख्ख्या फ्रेमवर नीट बांधून न्यायचा. नवा पाइप बसवायच्या आधी चिमटा उघडून साफ करावा म्हणून मी मागचं चाक काढलं.

"मागचे ब्रेक पॅड शेवटचे कधी बदललेस?" मी विचारलं.

"मागचं मला काय माहीत? ते तिचं खातं. माझे पुढचे मी दरवर्षी बदलतो, बासानोच्या दुकानातून आणून घरीच लावतो. तिचे ती तुझ्याकडून करून घेत असेल."

"माझ्याकडे ती कधीच आली नाही."

मी पॅड बाहेर काढले. वीस वर्षांत झिजून त्यांचा पत्रा उरला असेल असं मी धरून चाललो होतो. ते मीच लावलेले पॅड होते आणि जवळपास तेवढेच जाड होते. कडेचा रंगसुद्धा उडाला नव्हता. चाकावरच्या चकतीवरून मी नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. पुढच्या चकतीवर तेच नख खोल खाचेत बसलं. मी पुन्हा मागच्या चाकाकडे गेलो आणि पुन्हा बघितलं, कारण माझा विश्वास बसेना.

ओलिंदोही म्हातारा असला तरी सायकलवाला आहे. त्याने माझ्या हातातून पॅड घेतले, उजेडात धरले, अंगठ्याने दाबून पाहिले.

"ब्रेक बिघडला असेल," तो म्हणाला. "दाबत असेल ती, पण लागत नसेल."

मी त्याला चाक पुन्हा लावून दिलं, पॅड बसवले आणि लिव्हर दाबायला सांगितली. त्याने दाबली. चाक जागच्या जागी गच्च धरलं गेलं.

त्याने हात काढला तेव्हा आम्हा दोघांना ती लिव्हर दिसली. काळ्या रंगाची लिव्हर, पण दोन बोटं टेकतात तिथे रंग पार गेला होता आणि खालचा धातू घासून चकचकीत झाला होता. दर उताराला तिची बोटं तिथे होती. नुसती टेकलेली.

"मग एवढी हळू का यायची सायकल?" ओलिंदोने विचारलं.

मी तसा तोंडाळ माणूस आहे. गावात कुणाचं चुकलं की पहिला मीच बोलतो, आणि एरवी हेही मजेने बोललो असतो. पण त्या दिवशी मला ते सांगणं जिवावर आलं. त्याच्या पुढच्या चकतीकडे मी बोट दाखवलं. तापून तापून तिचा रंग निळसर झाला होता.

"तूच दाबत होतास," मी म्हणालो. "सगळा वेळ. दोघांचं वजन या एका ब्रेकवर खाली आणत होतास."

तो स्टुलावर बसला. वीस वर्षांपूर्वी त्याच स्टुलावर ती बसली होती. मी वाइनची बाटली काढली, दोन ग्लास शोधले. दुसरा ग्लास धुवावा लागला, तो फारा दिवसांत वापरला नव्हता. ओलिंदोने वाइनला हात लावला नाही. ती एकदाही उलटून का बोलली नाही, एवढंच त्याने विचारलं. मला काय माहीत, मी म्हणालो. एकदा तरी म्हणायचं होतं ना, तो म्हणाला, की अरे गाढवा, मी दाबतच नाहीये. मग त्याने टोपी काढून चेहऱ्यावर धरली. मी उगाच हत्यारं जागेवर लावत राहिलो.

नंतर तो म्हणाला, राहू दे तिचा ब्रेक तिथेच, मी एकावर उतरेन, तसाही एकावरच उतरत आलोय. ते मात्र मी ऐकलं नाही. हात पोचत नाही असा ब्रेक लावलेली सायकल माझ्या दारातून बाहेर जाणार नाही, असं त्याला बजावलं. शेवटी ठरलं की त्याच्या हँडलवर नवी लिव्हर लावायची. तिची लिव्हर मागच्या हँडलवर तशीच ठेवायची, फक्त पाइपाशिवाय.

मग मी कामाला लागलो. नवीन आधार जोडायचे तर फ्रेम तापवावी लागली असती आणि तिचा जर्दाळू रंग जळाला असता, म्हणून तो विचार सोडला. पाण्याच्या बाटल्यांचे स्क्रू होते तिथे त्यांच्याखाली छोट्या पितळी पट्ट्या धरल्या आणि पाइप त्यांत बसवला. बाकी ठिकाणी रबराचा तुकडा मधे घालून प्लास्टिकच्या बंधांनी आवळला, म्हणजे रंग घासला जाणार नाही. पुढचं हँडल डावीकडे पार वळवलं, मग उजवीकडे पार वळवलं, दोन्हीकडे पाइप ताणला जात नाही ना ते पाहिलं आणि मगच कापला. आखूड कापलेला पाइप लांब करता येत नाही. ओलिंदो बघत होता, पण त्याचं लक्ष तिथे नव्हतं.

राहिलं पाइपातली हवा काढणं. एकाने लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने चिमट्यावरचा स्क्रू उघडून बुडबुडे बाहेर काढायचे, स्क्रू बंद करायचा, मग पहिल्याने सोडायचं. मी एकटा असतो तेव्हा जुन्या ट्यूबची पट्टी लिव्हरला बांधून भागवतो. आज दुसरा माणूस होता. मी त्याला हँडलपाशी उभं केलं आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसलो.

"दाब," मी म्हणालो. "धर. आता सोड."

लिव्हर सुटल्याचा आवाज आला नाही. मी मान वर करून पाहिलं. त्याची मूठ पांढरी पडली होती.

"सोड, ओलिंदो."

"जमत नाही रे," तो म्हणाला.

मी उठलो नाही. तिथूनच पुन्हा म्हणालो, आवाज न चढवता. थोड्या वेळाने लिव्हर सुटली. मग पुन्हा दाब, धर, सोड. बुडबुडे संपून नुसतं तेल यायला लागलं, तरी मी आणखी काही वेळा करून घेतलं. ब्रेकला त्याची गरज नव्हती.

मागे मी नवे पॅड घातले. तिचे त्याने कागदात गुंडाळून खिशात टाकले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी बारसमोरच्या खुर्चीत बसलो होतो, तुल्लिओ दारात उभा होता. ओलिंदो सकाळीच वर गेलाय हे आम्हा दोघांना माहीत होतं. तुल्लिओने तिसऱ्यांदा माझं टेबल पुसलं.

मग वरच्या वळणावरून ओलिंदोची आरोळी ऐकू आली. नोव्हेंबरापासून ऐकली नव्हती. तुल्लिओ हातातलं फडकं तसंच धरून रस्त्यावर आला. सायकल अजून दिसत नव्हती, पण आवाज खालच्या वळणापर्यंत उतरला तेव्हा शब्द स्पष्ट झाले.

"सोड, ओलिंदो, सोड!"