न आटणारं कुंड

जूनमधल्या त्या रविवारी सकाळी नऊलाच आमच्या परसात साठ-सत्तर माणसं उभी होती, आणि सावली होती एका मेस्किटच्या झाडाची. कडेवर पोरं होती, घडीच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं होती, एक आजी तर नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीसकट आल्या होत्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तीन दगडी पायांवर उभं असलेलं, जेमतेम दोन हात रुंदीचं एक कुंड. त्याच्या आत काळी रेघ मारलेली आणि पाणी त्या रेघेला टेकलेलं. सहा आठवड्यांपूर्वीही ते तिथेच टेकलेलं होतं.

यात बघण्यासारखं काय, असं टूसॉनच्या वाळवंटात उन्हाळा काढलेला माणूस विचारणार नाही. इथे ओली चादर दोरीवर पसरत दुसऱ्या टोकाला जावं, तर पहिलं टोक वाळलेलं असतं. कुत्र्यासाठी सकाळी भरलेलं भांडं संध्याकाळी कोरडं. अशा गावात उघड्यावरचं पाणी सहा आठवडे तसूभर हलत नाही म्हटल्यावर माणसं येणारच.

पांढऱ्या सदऱ्यातला, स्वतःला बंधू म्हणवणारा एलिसेओ कुंडाशेजारी उभा राहून सांगत होता, "मेलेल्या पाण्याला ऊन पितं. जिवंत पाणी उन्हाला पितं." हे वाक्य तो दर रविवारी तीनदा म्हणायचा. तिसऱ्यांदा जरा थांबून, म्हणजे बायकांना रुमाल काढायला सवड मिळायची. "बारा घागरी मी डोंगरातून आणल्या, तुमच्यासमोर ओतल्या. घाला, हात घाला कुंडाखालून. नळ सापडला तर मला सांगा, मीही हात धुवून घेतो."

लोक हसायचे आणि हात घालायचे. खाली मोकळी हवा. तीन पायांना मात्र कुणी शिवायचं नाही, कारण त्यांच्याभोवती त्याने मेणबत्त्यांची दाटी करून ठेवली होती.

मग चांदीच्या चमच्याने एकेकाला घोट. जे पाणी उन्हाला दाद देत नाही ते आजाराला काय देणार, असं त्याचं गणित. रक्त साफ होतं, साखर उतरते, फिट थांबतात. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: "मला विचारू नका. डॉन रोसेंदोंना विचारा. तीस वर्षं या माणसाने शहरातले पोहण्याचे तलाव साफ केले. पाण्याच्या बाबतीत यांना कोण फसवणार?"

सगळे झाडाखाली बघायचे. तिथे खुर्चीत डॉन रोसेंदो, म्हणजे रोसेंदोराव, माझे सासरे बसलेले असायचे, आम्ही त्यांना आपा म्हणतो. ते मान डोलवायचे. त्या एका मान डोलवण्यावर अकरा घरांनी बंधूला असंच कुंड सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी आपांनी मान डोलवली नाही. त्यांच्या मांडीवर माझ्या तीन वर्षांच्या लेकीची, चेलोची, वाळूत खेळायची लाल बादली होती.

*

आपांना परसात पाणी हवं होतं, हे सगळ्याचं मूळ. तीस वर्षं दुसऱ्यांच्या निळ्या तलावांतली पानं काढली. आपल्या घरी नुसती खडी आणि निवडुंग. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मासिकांतून कापलेली चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली. भिंतीवरून झुळझुळणारं पाणी, दगडावरून उतरणारी धार, माशांचं डबकं. माझा नवरा एफ्राइन तांब्याच्या खाणीत असतो, शनिवारी घरी येतो. त्याला मासे हवे होते. मी म्हटलं, पक्ष्यांसाठी एक पसरट मातीचं भांडं ठेवू, रोज हाताने भरू. आपा म्हणाले, "पोरी, ते पक्ष्यांचं झालं. माझं काय?"

त्यांची मूत्रपिंडं तोवर जवळजवळ संपली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. चार तास खुर्चीत, घरी आल्यावर गळून गेल्यासारखी झोप, उठेपर्यंत दुसरी फेरी दारात. पाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दिवसाला मोजून चार पेले पाणी.

अशात चर्चच्या जत्रेत त्यांना बंधू भेटला. कुंड त्यानेच बांधलं. चार दिवस भोवती ताडपत्री, घरच्यांनी फिरकायचं नाही, मनात शंका असलेल्याने तर नाहीच. मी जेवणाचं ताट ताडपत्रीबाहेर ठेवायचे आणि आतून खोदल्याचे आवाज ऐकायचे. तीन पायांवर उभं राहणाऱ्या कुंडासाठी एवढं खणायचं कशाला, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या चार दिवसांत आपा शीळ घालत होते.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी शुक्रवारची फेरी टाळली. मग बुधवारची. जूनच्या सुरुवातीला सगळ्याच. नर्सचे फोन यायचे, मी खोटं सांगायचे, मग खरं सांगायचे, मग रडायचे. एफ्राइन म्हणायचा, त्यांना बरं वाटतंय ना, बसू दे की. बरं कसलं? पाय चपलेत मावत नव्हते, आणि आडवं झालं की दम लागायचा म्हणून ते खुर्चीत बसूनच झोपत.

शुक्रवारी पलीकडची कासिल्दा आली. तिच्या नऊ वर्षांच्या मारिबेलला फिट येतात. पोरीच्या कपाळावर अंड्याएवढं निळं टेंगूळ होतं. न्हाणीघरात पडली म्हणाली. मी गोळ्यांचं विचारलं.

"दोन आठवडे झाले बंद करून."

"कासिल्दा."

"बंधू म्हणाले, आजार बाहेर पडताना असाच हिसका देतो. आणि ओदी, तुमच्या आपांनी मशीन सोडलंच ना? मी काय, अडाणी. पण त्यांना पाण्यातलं कळतं."

ती गेल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मला बादली आठवली.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आपांबरोबर कामावर जायचे. तलावाचं पाणी फार उतरतंय, गळतोय की काय, असं कुणी म्हटलं की ते तलावाच्या पायरीवर त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवत. बादलीत एक खूण, तलावाच्या कडेला एक खूण. एक दिवस जाऊ द्यायचा. दोन्ही सारखं उतरलं तर पाणी उन्हाने नेलं. तलाव जास्त उतरला तर तो गळतोय. या गावात ही बादली सगळ्यांना ठाऊक आहे. सहा आठवडे आमच्या परसात तलाव साफ करणाऱ्यांचीच वस्ती जमत होती, आणि एकालाही बादली आठवली नव्हती.

शनिवारी सकाळी मी चेलोच्या बादलीत कुंडातलं पाणी घेतलं, पेन्सिलीने खूण केली आणि कुंडाशेजारी, त्याच उन्हात ठेवली. रविवारी सकाळी सातला पाहिलं. बादली बोटाच्या जाडीएवढी उतरली होती. कुंड रेघेवर होतं.

बादली मी आपांच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी आत पाहिलं.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

"उलटं आलंय उत्तर." ते बारीक हसले. "गळकं असतं ते जास्त उतरतं. हे कुंड उतरलंच नाही. म्हणजे कुणीतरी भरतंय."

इतकं सहज म्हणाले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी अंगठा पुढे केला. त्याच्या टोकाला पांढरी भुकटी होती. "हा थर कुंडाच्या रेघेवर धरलाय. पाणी उडतं आणि जागेवर नवं येतं, तिथेच क्षार असा धरतो. तीस वर्षं हाच घासून काढला मी. तिसऱ्या आठवड्यात हाताला लागला."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मशीन का सोडलंत, आपा?"

त्यांनी चेलोकडे पाहिलं. ती खडीत बसून दगड लावत होती. मग म्हणाले, "नुसतं नको म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. पाण्याचं नाव सांगितलं की तुम्ही निदान भांडत नव्हतात. त्या खुर्चीचा कंटाळा आला होता, पोरी. एक उन्हाळा आपल्या पाण्याजवळ बसायचं होतं. पुढचं पुढे."

मी खाली बसले आणि त्यांच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तसाच राहिला. भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. मी फक्त मारिबेलचं सांगितलं. गोळ्या, न्हाणीघर, टेंगूळ.

"माझं नाव घेऊन?"

"तुमचंच नाव घेऊन."

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मी म्हटलं, आत्ता हॉस्पिटलात चला. ते म्हणाले, येतो, पण आधी नऊ वाजू देत.

*

तर नऊ वाजले होते आणि सगळे त्यांच्या मान डोलवण्याची वाट बघत होते. आपांनी बादली वर धरली. पाणी कालचं, कुंडातलंच, म्हणाले. खूण दाखवली. मागची माणसं पुढे सरकली.

बंधू गोंधळला नाही. "प्लास्टिकमध्ये जिवंत पाणी मरतं, डॉन रोसेंदो. तुम्हाला हे मी सांगायचं?"

"असेल. मग बादली राहू दे. कुंडच बघू." दम घेऊन आपांनी हाक मारली, "कासिल्दा, ही बादली घे, कुंडातून तीनदा भरून काढ."

बंधू घाईने म्हणाला की चमच्याखेरीज भांडं लावायचं नाही. कासिल्दाचा हात थांबला. आपा हळू म्हणाले, "पोरीसाठी लाव."

तिने तीन बादल्या काढून खडीत ओतल्या. पाणी रेघेखाली गेलं. पाच मिनिटं, सात मिनिटं. दहाव्या मिनिटाला पाणी पुन्हा रेघेला टेकलं. गर्दीतून हुंदका फुटला, दोघी गुडघ्यांवर बसल्या, बंधूने हात पसरले. आम्ही त्याचा चमत्कार दुप्पट करून दिला होता.

"पाहिलंत?" बंधू म्हणाला.

"पाहिलं," आपा म्हणाले. "आता पुन्हा. एफ्राइन, भिंतीकडचा मुख्य कॉक बंद कर."

एफ्राइन उठला. त्याने एकदा वडिलांच्या पायांकडे पाहिलं आणि कॉक करकचून फिरवला. कासिल्दाने पुन्हा तीन बादल्या काढल्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी उतरलं तिथेच होतं. कुणीतरी घड्याळ पाहिलं.

"तुमच्या अविश्वासाने रुसलं ते," बंधू म्हणाला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"रुसलं तर मनवू. एफ्राइन, उघड."

कॉक उघडला. शांततेत सगळ्यांना बारीक सुर्रर्र ऐकू आली, आणि पाणी निमूटपणे रेघेकडे निघालं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

एफ्राइनने कुंडाच्या मधला शोभेचा दगड उचलला. तो दगड नव्हताच, पोकळ टोपण होतं. खाली एक बॉलकॉक. संडासाच्या टाकीत असतो तसला, फक्त लहान. पाणी उतरलं की गोळा खाली, नळी उघडी. पाणी चढलं की गोळा वर, नळी बंद. मेणबत्त्या बाजूला केल्या तेव्हा एक पाय आतून पोकळ निघाला. त्यातून काळी नळी जमिनीत गेली होती आणि खडीखालून आमच्याच झाडांच्या ठिबकला जोडलेली होती. डोंगरातल्या बारा घागरी पहिल्या आठवड्यातच उडाल्या असणार. तेव्हापासून साठ-सत्तर माणसं दर रविवारी आमच्या नळाचं पाणी चांदीच्या चमच्याने पीत होती.

बंधू टोपी घेऊन येतो म्हणाला आणि बाजूच्या फाटकातून गेला. टोपी अजून आमच्याकडेच आहे.

आपल्याला वाटतं, आता लोक आभार मानतील. ऑक्सिजनवाल्या आजी आपांसमोर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं एकच उरलं होतं मला. तेही ठेवलं नाहीस." आपांनी आजींचा हात हातात घेतला आणि दोघं तसेच धापा टाकत राहिले.

कासिल्दाने मला विचारलं, गोळ्या आजपासून पुन्हा देऊ का. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना फोन कर, किती द्यायच्या ते त्यांना सांगू दे. ती फोन लावत लावतच घराकडे धावली.

हॉस्पिटलात आपांना तडक मशीनवर घेतलं. तिथली डॉक्टर माझ्याएवढीच असेल. तिने मला बाहेर नेऊन सांगितलं की आणखी एखादा दिवस गेला असता तर हृदयच थांबलं असतं. आत आले तर आपा त्याच नकोशा खुर्चीसारख्या खाटेवर नळ्यांत गुंतलेले. म्हणाले, "कंटाळा आहेच. पण पुढच्या वेळी नको असेल तर नको म्हणून सांगेन. पाण्यावर ढकलणार नाही." मी म्हटलं, आणि मी भांडेन. ते म्हणाले, भांड.

आता परसात पसरट मातीचं भांडं आहे. चेलो रोज सकाळी लाल बादलीने ते भरते, अर्धं स्वतःच्या पायांवर. आपा सोमवार, बुधवार, शुक्रवार जातात, उरलेल्या दिवशी शेजारी बसतात आणि कबुतरं मोजतात. मारिबेलच्या गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी भांड्यातलं पाणी बोटभर उतरलेलं असतं.

म्हणून सांगते. न आटणारं पाणी, न चुकणारं औषध, न हरणारा माणूस कुणी दाखवला, तर हात जोडण्याआधी शेजारी एक बादली भरून ठेवा आणि एक दिवस थांबा. आणि घरातलं कुणी असल्या पाण्यापाशी जाऊन बसलं, तर त्याला मूर्ख म्हणण्याआधी विचारा, कशाचा कंटाळा आलाय. मी ते सहा आठवडे उशिरा विचारलं.