मोठ्या हॉलचे छोटे स्पीकर

माझे भाऊजी कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांना निर्णय कसे घ्यावेत ते शिकवतात. जेवणासकट शिबिर असतं. भाऊजी फळ्यावर चौकोन काढतात, चौकोनातून बाण सोडतात आणि शेवटी सगळे अधिकारी एकमताने ठरवतात, की शिबिर छान झालं. घरी मात्र टूथपेस्ट कोणती आणायची हे ताई ठरवते. भाऊजींवर सोडलं तर पेस्ट येईपर्यंत दात राहतील याची खात्री नाही.

या माणसाने आयुष्यात एकट्याने घेतलेला एकच मोठा निर्णय म्हणजे भिंत पाडणं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, पडदे शिवते. हॉटेलांचे, सभागृहांचे, कोणाच्या घरचे. हॉलला लागून तिच्या कामाची खोली होती. तिथे कापायचं लांब टेबल, मोटरवर चालणारं मशीन आणि छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे. खोलीत शिरायचं तर आडवं व्हावं लागे, पण ताईला अंधारातही सुई सापडे. एकदा भाऊजी कोणाच्या तरी नव्या घरी जाऊन आले. तिथला हॉल इतका मोठा होता, की यजमानांनी 'बसा' म्हटलेलं पाहुण्यांना ऐकू गेलं नाही. भाऊजी घरी आले. जेवताना म्हणाले, "आपल्याकडे श्वास घ्यायला जागा नाही."

"मग इतकी वर्षं काय घेत होतात?" ताईने विचारलं.

पण भिंत पडली. 'तुझं मशीन कोपऱ्यात आरामात मावेल, उलट उजेड जास्त मिळेल,' असं आश्वासन मिळालं. ताई म्हणाली, "आणि धूळ?" भाऊजी म्हणाले, "धूळ काय, पुसली की गेली." ती अजून जायची आहे.

हॉल मोठा झाला आणि मोकळा दिसायला लागला. मोकळा दिसावा म्हणूनच मोठा केला होता, तरी तो तसा दिसतोय हे भाऊजींना सलायला लागलं. मग एका शिबिरात त्यांना कानसेन भेटले. हे गृहस्थ पेशाने दातांचे डॉक्टर. दिवसभर कानाशी ड्रिल चालवायचं आणि संध्याकाळी संगीतातले बारकावे ऐकायचे, अशी त्यांची दिनचर्या. त्यांना आम्हीच कानसेन म्हणायला लागलो आणि त्यांनी ते गंभीरपणे घेतलं.

कानसेन हॉलमध्ये आले, मधोमध उभे राहिले, एक टाळी वाजवली आणि डोळे मिटले. नळ गळतोय का ते ऐकतात तसं ऐकून म्हणाले, "बुकशेल्फ स्पीकर घ्या. मोठे स्पीकर म्हणजे नुसता आरडाओरडा. छोट्यात खरेपणा असतो."

भाऊजींनी उत्साहाने पुस्तकांचं कपाट अर्धं रिकामं केलं. पुढच्या वेळी कानसेन आले आणि रात्री टॉफी खाऊन झोपणाऱ्या पेशंटकडे बघावं तसे भाऊजींकडे बघत राहिले. "बुकशेल्फ स्पीकर कोणी बुकशेल्फवर ठेवतं का?"

"मग?"

"स्टँडवर. लोखंडी. आत वाळू भरलेल्या."

पुस्तकं तोवर माळ्यावर गेली होती. ती तिथेच राहिली. वाळू मी आणली.

दुकानात स्पीकर ऐकायला मीही गेलो होतो, कारण भाऊजींच्या मते मेहुणा म्हणजे हातपाय असलेली हातगाडी. दुकानाच्या आतल्या बाजूला ऐकायची वेगळी खोली होती. पायाखाली जाड गालिचा, भिंतींवर वरपासून खालपर्यंत मखमली पडदे, दोघांपुरता सोफा. गाणं लागलं. बाई गायला लागली तशी ती समोर येऊन उभी आहे असं वाटलं. भाऊजींनी डोळे मिटले आणि एक अश्रू गालावरून मिशीत गेला. कानसेन हळूच म्हणाले, "आता बोला." स्पीकर बांधून मागवले.

मी हे सगळं ताईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "खोली केवढी होती?"

"तुझ्या जुन्या खोलीएवढी."

ताईने दाताने दोरा तोडला आणि पुढची शिवण घेतली.

घरी तेच स्पीकर, तीच वायर, तेच गाणं लावलं. ती बाई कुठेतरी लांब, शेजारच्यांच्या न्हाणीघरात गात होती. आवाज वाढवला तर हॉलभर घुमायचा, कमी केला तर सोफ्यापर्यंत पोचायच्या आतच थकायचा. हत्तीच्या लग्नात पिपाणी वाजावी तसं चाललं होतं.

"अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतोय," कानसेन म्हणाले.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बदलला. दुसरा पहिल्यापेक्षा जड होता. तोही कमी पडला. तिसरा इतका जड, की उचलायला दोन माणसं लागली. त्यातला एक मी आणि दुसरे भाऊजी, म्हणजे उचलला मी आणि भाऊजींनी दिशा दाखवली. त्यावर काचेचे छोटे दिवे होते, ते लालसर पेटायचे. थंडीत हात शेकायला चांगला होता. गाणारी बाई मात्र न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

या सगळ्यात एक नियम झाला. गाणं चालू असताना मशीन बंद. आणि गाणं सदैव चालू, कारण निर्णय व्हायचा होता. ताई आधी मशीन घेऊन बाल्कनीत गेली, मग स्वयंपाकघरात. कापडाचे गठ्ठे हॉलच्या शोभेला बाधा आणतात म्हणून माझ्या घरी आले. माझी बायको म्हणाली, "तुमच्या बहिणीचं कापड राहायला आलंय. बहीण कधी येतेय ते विचारून ठेवा, गादी घालायला जागा नाही."

हे एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण नेमकं त्याच वेळी ताईला तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. शहरातल्या नाट्यगृहाची डागडुजी चालली होती आणि रंगमंचाचा मुख्य पडदा तिच्याकडे आला होता. मरून मखमल, मागून अस्तर, खाली वजनासाठी साखळी. हे काम जमलं की पुढची सभागृहं आपोआप येणार होती, आणि फसलं की पडद्यांच्या कारखान्याकडे जाणार होती, कायमची. नाट्यगृहाचे व्यवस्थापक रोज फोन करायचे. "बाई, उद्घाटनाला पडदा उघडायचाय. उघडायला आधी तो असावा लागतो." ताई गॅसवर भाजी आणि मांडीवर मखमल अशी बसून 'होतोय हो' म्हणायची. होत काही नव्हतं. एवढं कापड पसरायला जमीन लागते, आणि जमीन होती ती हॉलमध्ये.

"अहो, दिवसातून थोडा वेळ तरी द्या मला तिथे."

"अगं, देईन ना. एकदा आवाज बसू दे."

"आवाज बसेपर्यंत मीच बसेन."

मग कानसेनना उमगलं, की दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नाही, रिकामेपणाचा आहे. मऊ वस्तू आवाज शोषतात, आणि माणूस ही मूलतः मऊ वस्तू आहे. भाऊजींनी रविवारी नातेवाइकांना चहाला बोलावलं. फोनवर प्रत्येकाला सांगितलं, की जाड कपडे घालून या. लोकांना वाटलं, गच्चीवर काही कार्यक्रम असेल. आले बिचारे स्वेटर, कोट चढवून. भाऊजींनी त्यांना हॉलभर अंतराअंतरावर खुर्च्यांवर बसवलं. आमच्या मावशीला कोपऱ्यात, कारण कोपऱ्यात घुमतं आणि मावशी अंगाने भरलेली.

"मी इथे काय करू?" मावशीने विचारलं.

"काही नाही. फक्त बसा. बोलू नका."

"अरे, मग तू मला बोलावलंस की सोफा समजलास?"

"मावशी, प्लीज. हलू नका, आवाज बदलतो."

गाणं लागलं. खरोखर जरा बरं वाटलं. कानसेननी बोट वर केलं. सगळे घामाघूम होऊन बसले होते. तेवढ्यात मावशी शिंकली आणि कानसेन म्हणाले, "गेलं." चहा आला, पण कप वाजतात म्हणून बशीशिवाय. जाताना मावशी ताईला म्हणाली, "पुढच्या वेळी मी माझी गादी पाठवते. तेवढंच काम होईल."

नातेवाईक परत बोलावले तर येणार नाहीत हे उघड होतं. भाऊजी खिन्न झाले. चौथ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि चौथा चढवायला मी लिफ्टची क्षमता वाचून ठेवली.

पुढच्या रविवारी ताईने मला बोलावलं, शिडी धरायला. पडद्याचा अर्धा भाग तिने रात्री जागून स्वयंपाकघरातच कसाबसा शिवला होता, त्याच्या चुण्या सारख्या पडतायत का ते टांगून बघायचं होतं. नाट्यगृहात रंगकाम चाललं होतं, तिथे शिरू देत नव्हते. घरात एवढं वजन पेलेल अशी एकच जागा होती: पाडलेल्या भिंतीच्या वर राहिलेली तुळई. तिला जुने हूक होते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला भाऊजी आणि कानसेन गाणं ऐकत होते. मशीन बंद होतं, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. आम्ही पडदा खालून दुमडून हुकांत अडकवला. मखमल सळसळत खाली आली आणि हॉलचे दोन भाग झाले. ताई आणि मी पलीकडे.

अलीकडून भाऊजींचा आवाज आला. "अरे! अरे, हे काय!"

मी फटीतून डोकावलो. भाऊजी सोफ्यावरून अर्धे उठले होते. ती बाई न्हाणीघरातून बाहेर आली होती. थेट समोर उभी राहून गात होती.

"खुलला!" कानसेन ओरडले. "अ‍ॅम्प्लिफायर खुलला! मी म्हटलं नव्हतं, याला महिनाभर तापावं लागतं?"

ताईने चुण्यांवरून हात फिरवला. एक चुणी जरा फुगीर होती, तिथे टाचणी लावली. "उतरव रे," ती मला म्हणाली. आम्ही पडदा उतरवला. बाई न्हाणीघरात परत गेली.

"व्होल्टेज," कानसेन म्हणाले. "संध्याकाळचं पडतंच."

ताईने टाचणीच्या जागी धावदोरा घातला आणि पडदा पुन्हा चढवला. बाई आली. "बघा, आलं व्होल्टेज." मग ताईला दुसरी कड बघायची होती. पडदा उतरला. बाई गेली. ताई माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे ती हसतेय की नाही ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कडेला कुठलीही चूक नव्हती हे मात्र मला दिसलं. तिने पडदा पुन्हा चढवला.

आता भाऊजी उठून आले. त्यांनी पडद्याला हात लावला. फळ्यावरचे सगळे चौकोन आणि बाण त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसले.

"हा पडदा इथेच राहू दे."

"तो नाट्यगृहाचा आहे."

"मग असाच दुसरा शिव."

ताईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "कुठे बसून?"

हॉल मोठा होता, त्यामुळे प्रश्न जरा घुमला.

भाऊजींनी कानसेनकडे बघितलं. कानसेनना आता अ‍ॅम्प्लिफायरला वाऱ्यावर सोडणं भाग होतं, ते त्यांनी सराईतपणे केलं. दात वाचवता येणार नाही हे सांगायची त्यांना सवय होती. "मूळ दुखणं खोलीचं आहे," ते म्हणाले. "लांबी फार आहे. इथे एक पक्का अडसर हवा. विटांचा."

"म्हणजे भिंत?" मी विचारलं.

"भिंत म्हणू नका. अकूस्टिक पार्टिशन."

"त्याला दार असतं का?" ताईने विचारलं.

"ठेवता येईल. जाड हवं."

जुन्या भिंतीच्या जागी फरशीवर वेगळ्या रंगाची पट्टी होती. ताई खडू घेऊन तिथे उभी राहिली. कानसेन टाळ्या वाजवायला लागले.

"इथे ठीक आहे," ते म्हणाले.

"इथे जरासं घुमतंय का हो?" ताई म्हणाली. "मला आपलं वाटलं."

कानसेननी पुन्हा टाळी वाजवली. घुमत नाही असं कोणत्या कानसेनला म्हणवेल? "हो. किंचित."

ताई खडू घेऊन एक पाऊल सोफ्याकडे सरकली. टाळी. अजून किंचित. आणखी एक पाऊल. टाळी. "वहिनींचा कान तयार आहे," कानसेन भाऊजींना म्हणाले. खडूची रेघ सोफ्याच्या पायांपाशी येऊन टेकली तेव्हा ताईने मान्य केलं, की आता घुमत नाही.

भिंत झाली. दार जाड आहे, कडी ताईच्या बाजूने. तिची खोली आता पूर्वीपेक्षा मोठी आहे, आणि हॉल भिंत पाडायच्या आधी होता त्यापेक्षा लहान. माझ्या घरचे गठ्ठे परत गेले, माझ्या बायकोला घरातला दुसरा दरवाजा पुन्हा दिसला. नाट्यगृहाचा पडदा उद्घाटनाला उघडला आणि नंतर बंदही झाला, जे ताईच्या मते जास्त अवघड असतं. उरलेल्या मखमलीचा एक पडदा तिने भाऊजींच्या बाजूच्या भिंतीवर लावून दिला. भाऊजी आता शिबिरात या भिंतीचं उदाहरण देतात. पाडण्याचं नाही, बांधण्याचं.

परवा गेलो तेव्हा भाऊजी आणि कानसेन गुडघ्याला गुडघा लावून सोफ्यावर बसले होते. भाऊजींनी मला खूण केली. "ऐक. बाईच्या मागे. बारीक टकटक आहे बघ, सलग. दुकानातही ऐकू आली नव्हती."

मी ऐकलं. होती खरी. सलग जायची, वळणावर थोडी थांबायची, पुन्हा धरायची.

"ड्रम काठीऐवजी ब्रशने वाजवतायत," कानसेन डोळे मिटून म्हणाले. "हेच ते. बारकावा."

मी भिंतीकडे बघितलं आणि गप्प बसलो. मेहुण्याने बहिणीच्या घरी किती बोलावं याला मर्यादा असते.

तेवढ्यात टकटक थांबली. भाऊजी ताठ झाले. कानसेन उठून अ‍ॅम्प्लिफायरचे दिवे तपासायला लागले. "वायर बदलून बघू," ते म्हणाले. "नाहीतर मग अ‍ॅम्प्लिफायरच."

जाड दार उघडून ताई चष्मा पुसत बाहेर आली. "काय झालं?"

"बारकावा गेला," भाऊजी म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "चहा घेते आणि बसते," ती म्हणाली. "येईल परत."