परवान्यावरचा शब्द

कोरल माझी चुलतबहीण. नदीकाठच्या आमच्या गावात तिला सगळेच मावशी म्हणतात, अगदी विद्यापीठातले गोरे प्रोफेसरसुद्धा. विद्यापीठाने आमच्या मूळनिवासी मुलांसाठी व्यवसायशिक्षणाचा अभ्यासक्रम काढला आणि सल्ला द्यायला आमच्यातल्याच जाणत्यांचा गट नेमला, तेव्हा पहिलं बोलावणं कोरललाच आलं.

अभ्यासक्रमाला नाव हवं होतं. "तुमच्या भाषेतलं द्या, तुमच्या मनातलं," विभागाच्या प्रमुख हॅडलीबाई म्हणाल्या. कोरलने दिलं. शेकोटीभोवती सगळ्यांनी मिळून बसायच्या जागेला आमच्याकडे जो शब्द आहे, तो. मिशनवर, म्हणजे पाद्र्यांनी आमच्या लोकांना ठेवलेल्या वस्तीवर, आमची भाषा तोंडातून निघाली की मार बसायचा. तरी कोरलच्या आईने धुणं धुताना मुलींच्या कानात सांगून तो जपला होता. मी तो इथे लिहीत नाही. विद्यापीठाचे वकील वाचत असतात.

कोरलच्या बहिणीची मुलगी टार्नी त्याच अभ्यासक्रमात शिकली आणि चांगली शिकली. मग शनिवारच्या बाजारात तंबू टाकून ती बाभळीच्या भाजलेल्या बियांच्या पिठाची बिस्किटं विकायला लागली. तंबूवर तिने मोठ्या अक्षरांत आजीचा तोच शब्द रंगवला. कोरल दर शनिवारी गल्ल्यावर बसायची. धंदा नुकता बसत होता, तेवढ्यात विद्यापीठातून फोन आला. हे नाव आमच्या नावावर नोंदलेलं आहे, ताबडतोब काढा.

कोरलने गटाची बैठक बोलावली. मीच तिला गाडीतून घेऊन गेले आणि मागे भिंतीशी बसले.

"मावशी, नोंदणी तुमच्या भल्यासाठीच केली," हॅडलीबाई म्हणाल्या. "बाहेरच्या कोणी तो शब्द पळवू नये म्हणून."

"मग टार्नी बाहेरची का?"

"तसं नाही हो. पण नावाला मंजुरी तुमच्याच गटाने दिली आहे."

"नाव वापरायला दिलं होतं. विकलं नव्हतं."

 मग बाई म्हणाल्या, टार्नीला ते नाव वापरायचा परवाना देता येईल, फुकट. फक्त दर वर्षी नवा करून घ्यावा लागेल.

कोरलने टेबलाभोवती पाहिलं. सगळे आमचेच. जो तो आपापल्या सँडविचमध्ये गुंतलेला. शेवटी रेगकाका बोलले. त्यांच्या नातीला विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती.

"घेऊन टाक, कोरल. फुकट देतायत ना? उगाच कशाला ताणतेस?"

"या भाषेपायी आईला मार बसला तो तुमच्या देखत, रेगकाका."

 कोरल उठली, पर्स घेतली आणि बाहेर पडली. त्या गटात ती पुन्हा गेली नाही.

तिथून मी तिला थेट टार्नीच्या अंगणात नेलं. टार्नी तंबूचं कापड पसरून त्या शब्दावर पांढरा रंग मारत होती.

"परवाना घे म्हणतात, फुकट आहे," कोरल कशीबशी म्हणाली.

"आजीचा शब्द दर वर्षी हात जोडून मागू?" टार्नीने मान वर केली नाही. "आणि मावशी, तो त्यांना दिलास तेव्हा घरात कोणाला विचारलंस? माझ्या आईला विचारलंस? तिचा नव्हता तो?"

"मला वाटलं, तुम्हा पोरांसाठी..."

"त्यांनाही तसंच वाटलं. आमच्यासाठीच."

 मी तिला घरी सोडलं.

पुढे विद्यापीठाने रिकाम्या खुर्चीवर रेगकाकांच्या मुलीला बसवलं. माहितीपत्रकावर कोरलचा हसरा फोटो अजून आहे. काढा म्हणून तिने दोनदा सांगितलं. छापून झालंय, म्हणाले.

टार्नीचा तंबू आता बिननावाचा आहे. नाव पुसल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी कोरल नेहमीसारखी गेली, तर गल्ल्यावर टार्नीची मैत्रीण बसली होती.

"आज गर्दी आहे, मावशी," टार्नी म्हणाली. "नंतर ये."

कोरल दुपारी परत गेली. तंबू गुंडाळून झाला होता, आणि टार्नीची गाडी बाजाराच्या फाटकातून बाहेर पडत होती.